ठिणगी दिसली का, पोरी?

मामाजी, तुमच्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. विहारासमोर मांडव टाकला होता. तुमच्याकडून फवारणीचे पंप दुरुस्त करून नेणारे चार गावांतले लोक आले होते. एक जण म्हणाला, "बंद इंजिनची दोरी एकदा वढली का या मानसाले बिघाड समजे." मग मिलिंदनं, तुमच्या लेकानं, माइक माझ्याकडे दिला. सून म्हणून दोन शब्द बोल, म्हणाला. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू नव्हतं, मामाजी. भीती होती. तोंड उघडलं असतं तर तुमचे गुण सांगायच्या ऐवजी मी तुमच्याशी बोललेलं खोटंच त्या माइकवर बाहेर पडलं असतं.

म्हणून आता लिहिते आहे. मिलिंद पुण्याला कामावर परत गेला. इंझोरीच्या या घरात मी आणि पुढच्या खोलीतलं तुमचं दुकान, एवढंच उरलं आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दुकानाच्या उंबऱ्याआड पाय ठेवायचीसुद्धा मला धास्ती वाटायची. पेट्रोलचा वास, टेबलावर उघडी पडलेली इंजिनं, आणि तुम्ही कोणाशी न बोलता खाली मान घालून बसलेले. सासूबाई गेल्या त्या वर्षी तुमच्या डोळ्यांनी दगा दिला. मोठे भाग हातांना समजत होते, पण प्लगची ठिणगी दिवसाउजेडी दिसेना. एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिलात. मला वाटलं पाणी हवंय.

"पोरी, जरा बाहेर ये. मी दोरी वढतो. तू फक्त पाह्य. ठिणगी दिसते का ते सांग."

तुम्ही प्लग काढून त्याच्या टोपीत बसवला, प्लगचं लोखंड इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि मला वरून पदराची सावली धरायला लावलीत. दोरी ओढली. टिक् आवाज झाला आणि तांदळाएवढी निळी रेघ चमकून गेली. मी दचकून दोन पावलं मागे सरले. तुम्ही विचारलंत, "निळी का लाल?" मी म्हणाले, निळी. "मंग करंट मस्त हाय, पेट्रोलचं पाहू," म्हणालात आणि पुन्हा मान खाली घातलीत. पाच मिनिटांत पंप चालू झाला. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसलं, म्हणालं, बाईले कायले बोलावता? तुम्ही वर न बघता म्हणालात, "डोये तिचे, हात माहे. दोन्हीचं मिळून एक मिस्तरी होते."

त्या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सासऱ्यापुढे असलं बोलायचं असतं का, हेच मला माहीत नव्हतं.

पण भीती गेली नाही. एकदा भांडी घासत होते, तशीच ओल्या हातानं आले आणि प्लग धरला. टोपी चिरलेली होती. झटका कोपरापर्यंत गेला आणि मी जमिनीवर बसले. तुम्ही माझा हात हातात घेऊन बोटं एकेक हलवून पाहिलीत. तुमचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला होता. त्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक पंप आला. तुम्ही दोरी ओढलीत आणि मी डोळे मिटले. मुद्दाम नाही, ते आपोआप मिटले.

"दिसली का?"

"दिसली."

मला वाटलं, एवढ्यानं काय होतं? तुम्ही दिवसभर त्या पंपाची पेट्रोलची वाट तपासत बसलात. टाकी धुतली, जाळी बदलली, कार्बोरेटर तीनदा उघडला. माणूस बाहेर विड्या ओढत बसलेला. दिवस कलता कलता तुम्ही पुन्हा प्लग माझ्या हातात दिलात आणि दोरी ओढताना प्लगकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलंत.

"तू डोये मिटते, पोरी."

मी प्लग पदरानं पुसू लागले.

"नाई दिसली त नाई दिसली म्हन. भेव लागलं त भेव लागलं म्हन. दिसली म्हनू नको. तुह्या एका दिसलीवर मी दिवसभर भलतीकडंच फिरलो."

कॉइल गेली होती. वीस मिनिटांचं काम होतं. तुम्ही त्या माणसाला, मलेच समजलं नाई, उशीर झाला, म्हणून सांगितलंत आणि माझं नाव येऊ दिलं नाही. मी त्या दिवशी मनात ठरवलं की या माणसाशी पुन्हा खोटं बोलायचं नाही. ते मी कसं पाळलं तेच सांगायचं आहे.

तुमची फुफ्फुसं आखडत गेली. वाशीमच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला, पण मला त्यातलं काही कळलं नाही. घरी ऑक्सिजनची मशीन लावा, म्हणाले. मशीन आली, नाकात नळी आली, आणि त्याच दिवशी आपल्या घरात एक नवीन भीती राहायला आली. मशीन विजेवर चालते. लाइन गेली की मशीन एक लांब शिट्टी मारून बंद पडते. ती शिट्टी मला अजून ऐकू येते, मिक्सरच्या आवाजातसुद्धा.

मांडववाल्यानं भंगारात काढलेला छोटा जनरेटर तुम्हीच खाटेवर बसून माझ्याकडून जोडून घेतलात. पहिल्या दोन-तीन वेळा लाइन गेली तेव्हा तो एका ओढीत चालू झाला. पण त्याचा धूर खिडकीतून तुमच्याच खोलीत यायचा, म्हणून मी तो लांब वायर लावून न्हाणीच्या मागे नेऊन ठेवला. तिथं पाणी वाहून जायला जमीन उतरती केलेली आहे. हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी दुपारी लाइन गेली. जोडीचं छोटं सिलिंडर सकाळीच भरायला वाशीमला पाठवलं होतं. शिट्टी झाली. मी धावत मागे गेले. दोरी ओढली, काही नाही. चोक लावून ओढली. पुन्हा ओढली. तुम्ही शिकवलंत तसं सगळं केलं, मामाजी. टाकीत पेट्रोल होतं. प्लग काढला तर ओलाचिंब, म्हणजे पेट्रोल येत होतं आणि पेटत नव्हतं. प्लग पुसला, इंजिनाच्या अंगाला टेकवला, पदराची सावली केली, दोरी ओढली. डोळे उघडे ठेवले होते. ठिणगी नव्हती. नवीन प्लग लावून पाहिला. नव्हती. टोपी बदलली. नव्हती. पाना दोनदा हातातून मातीत पडला.

मी आत आले तेव्हा तुम्ही खाटेच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होतात. खांदे वर खाली होत होते. ओठांचा रंग बदलला होता. जो निळा मी बाहेर इतका वेळ शोधत होते, तो तिथं दिसला.

"ठिणगी नाही, मामाजी. नवीन प्लगवरही नाही. कॉइल गेली असेल का?"

तुम्ही मान हलवलीत. एक तळहात आडवा धरलात, तिरपा केलात, मग सरळ केलात. मला वाटलं तुम्ही सांगताय, राहू दे, झालं आता. मी मोठ्यानं रडायला लागले. तेव्हा तुम्ही सगळा जीव गोळा करून दोन शब्द काढलेत.

"उतार... ऑइल."

मग आठवलं, जोडून घेताना तुम्ही दाखवलं होतं. त्या इंजिनाच्या पोटात ऑइलवर तरंगणारा एक गोळा आहे. ऑइल कमी झालं की गोळा खाली बसतो, त्याचा पिवळा वायर कॉइलचा करंट इंजिनाच्या अंगात उतरवतो आणि ठिणगी मरते, म्हणजे कोरडं इंजिन चालून जाम होऊ नये. जनरेटर उतारावर होता. ऑइल एका बाजूला गेलं होतं आणि गोळ्याला वाटलं, संपलं. मी तो जनरेटर एकटीनं ओढत मागच्या दाराबाहेरच्या सपाट फरशीवर आणला, अर्धी वाटी ऑइल वर घातलं आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीत लागला.

तुमच्या नाकातली नळी नीट करताना माझ्या हाताचं ऑइल तुमच्या गालाला लागलं. ते तसंच राहिलं.

आपलं भांडण दुसऱ्या दिवशी सुरू झालं. मी म्हणाले, तो पिवळा वायर कापून टाकू. सगळे मिस्तरी कापतात. मग उतार असो की काही असो, ठिणगी मरणार नाही.

"कापाचा नाई."

"काहून?"

"खरंच ऑइल संपलं अन् इंजिन जाम झालं, त मंग हात तुटेपर्यंत दोरी वढजो, फिरनार नाई. त्यो वायर इंजिनचा राखनदार हाय."

"आणि तुमचा श्वास गेला तर?"

"माह्या श्वासाचं मी पाहतो. तू इंजिनचं पाह्य."

तुम्ही हे हसत म्हणालात. मला हसू आलं नाही. आठ दिवस आपण त्यावर वाद घातला. मी तुमच्याशी इतकं कधी बोलले नव्हते, वाद घालायला का होईना. आता वाटतं, तेवढे आठ दिवस आपण खरे दोन मिस्तरी होतो. पण तेव्हा मला तुमच्या बोलण्यातलं शहाणपण ऐकू येत नव्हतं. मला फक्त तुमचे ओठ दिसायचे. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, सतत.

नवव्या दिवशी तुम्ही जेवून झोपलात आणि मी तो वायर कापला. पकडीचा आवाज झाला तेवढ्यानंही मी वळून खिडकीकडे पाहिलं. दोन्ही टोकांना काळी पट्टी गुंडाळली आणि झाकण लावून टाकलं.

वाटलं होतं, आता सुटका होईल. झालं उलटंच. वायर नाही म्हणजे राखणदार नाही. ऑइल संपलं तर आता इंजिन स्वतःहून थांबणार नाही, जळूनच थांबेल. मग मी रोज सकाळी उठल्या उठल्या ऑइलची पट्टी काढून बघायला लागले. पुसून परत बघायची. कधी दुपारीही. एक भीती कापली आणि तिच्या जागी दुसरी आणून बसवली.

ते तुम्ही खिडकीतून बघत होतात.

"पोरी, पयले महिन्यातून एक डाव ऑइल पाहे तू. आता रोज काहून पाहून राह्यली?"

"असंच."

"वायर जागेवर हाय ना?"

"आहे, मामाजी."

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत. तुमच्या डोळ्यांना तेव्हा किती दिसत होतं कोण जाणे. "बरं," म्हणालात आणि भिंतीकडे वळलात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी प्लग आणि वायसर आणायला मानोऱ्याला गेले. कलावती काकूंना तुमच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, त्या दोनदा डोकावूनही गेल्या. मी परत आले तर तुम्ही मागच्या दाराच्या पायरीवर बसलेले. नळी घरात खाटेवर पडलेली, मशीन रिकामी चाललेली. तुमच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. मी तुम्हाला काखेत धरून आत आणलं, नळी लावली. किती वेळानं तुम्ही म्हणालात, "ऊन घ्याले गेलो होतो. बरं वाटलं."

मी रागावले. तुमच्यावर ओरडले, मामाजी. सासऱ्याला असं बोलतात का, असं बोलले. मग गरम पाणी आणून तुमचे हातपाय पुसले. तुमच्या नखांत काळं होतं. मी साबण लावून एकेक नख साफ केलं आणि विचारलं नाही, हे काळं कुठून आलं म्हणून. वाटलं, दुकानात काहीतरी चाचपलं असेल. की वाटलं नव्हतं? खरं सांगू, मला विचारायचंच नव्हतं. मी पुन्हा डोळे मिटले होते.

त्यानंतर तुम्ही खाटेवरून उठला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलात. लाइन होती. मशीन चालू होती. सिलिंडर भरलेलं होतं. जनरेटरची गरजच पडली नाही.

पुण्यानुमोदन झालं आणि चार दिवसांनी कलावती काकूंची रेखा आली. काकू म्हणजे मळ्याकडच्या, वांगी-मेथी लावून वाशीमच्या बाजारात नेणाऱ्या. त्यांच्या नवऱ्याला, नामदेव काकांना, दवाखान्यातून घरी सोडणार होते आणि डॉक्टरांनी तुमच्यासारखीच मशीन सांगितली होती. रेखा त्यांची सून. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, मशीन अन् जनरेटर भेटन का? मनात काही आनू नका, इतक्या लवकर मांगून राह्यली म्हनून."

मी म्हणाले, दुपारी ये, नीट करून ठेवते. मला तो वायर जोडायचा होता. माझ्या भीतीनं दुसऱ्याच्या घरी इंजिन जाळायला नको.

मी झाकण उघडलं. वायर जोडलेला होता.

मी काळी पट्टी लावली होती. तिथं काळी पट्टी नव्हती. सायकलच्या ट्यूबची बारीक चिंधी होती, घट्ट ओढून दोन गाठी मारलेली. उन्हानं चिकटपट्टी सुटते म्हणून तुम्ही आयुष्यभर ट्यूबच वापरलीत. तारांची टोकं एकमेकांत पिळून मागे दुमडलेली होती. ती दुमड या गावात दुसऱ्या कोणाच्या हाताची नाही.

मी तिथंच फरशीवर बसले. खाटेपासून मागच्या दारापर्यंतची पावलं तुम्ही नळीशिवाय चाललात. खाली बसलात. झाकणाचे चार स्क्रू काढलेत. न दिसणाऱ्या डोळ्यांनी, नुसत्या बोटांनी दोन टोकं शोधलीत. झाकण परत लावलंत. मग पायरीपर्यंत आलात आणि तिथं श्वास संपला. आणि मी आल्यावर म्हणालात, ऊन घ्याले गेलो होतो.

डॉक्टर आधीच म्हणाले होते, महिना, फार तर दोन. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. पण मला भीती वाटते, मामाजी. ते चालणं तुम्हाला घेऊन गेलं का? मी "नाही, कापला" म्हटलं असतं तर तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या, आणि खाटेवर बसून माझ्याकडून जोडून घेतला असता. एवढंच झालं असतं. तुम्ही मला खोटारडी म्हणाला असता तर आज सोपं गेलं असतं. तुम्ही माझं खोटं दुरुस्त केलंत आणि वर स्वतः एक खोटं बोललात, मला लाज वाटू नये म्हणून. त्याचं मी काय करू?

मिलिंदला सांगितलेलं नाही. फोनवर दोनदा ओठांपर्यंत आलं.

दुपारी रेखा आली. मी तिला जनरेटर सपाट जागी ठेवायला सांगितलं, खोलीपासून लांब, धूर आत जाणार नाही असा. ऑइलची पट्टी दाखवली. प्लग काढून ठिणगी कशी बघायची ते दाखवलं. ती पहिल्यांदा दचकली. मी म्हणाले, भीती वाटली तर वाटली म्हण, पण डोळे उघडे ठेव. मग झाकण उघडून पिवळा वायर दाखवला.

"ठिणगी आली नाही तर आधी उतार बघ, मग ऑइल बघ. हा वायर कापायचा नाही. कोणी मिस्तरी म्हणाला तरी नाही."

ती त्या ट्यूबच्या गाठीकडे बघत होती. "इथं त जोडलेला दिसते. कोनं कापला होता?"

हो म्हणायचं की दुसरं काही सांगायचं, हे ठरवायला एक क्षण मिळाला. त्या क्षणात मी कुठंही पळून जाऊ शकले असते.

"मी," म्हणाले. "मामाजींना न सांगता. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. मग त्यांनी स्वतः उठून येऊन जोडला, नळी काढून. त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेले."

मला वाटलं, आता ही उठून जाईल, संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल. ती माझ्याजवळ सरकून फरशीवर बसली आणि म्हणाली, "ताई, मले बी लय भेव लागून राह्यलं. माह्याच्यानं चालू नाई झाला त?"

"मला हाक मार," म्हणाले. "पण आधी तू दोरी ओढ."

आज दुपारी लाइन गेली. पंखा थांबला आणि मी सवयीनं उठून मागच्या दारात गेले. फरशी मोकळी होती. मळ्याकडून दोरी ओढल्याचा आवाज आला, रिकामा. पुन्हा आला. मी चपला घातल्या. तिसऱ्यांदा ओढल्यावर इंजिन धडधडलं, मंदावलं, मला वाटलं गेलं, आणि मग लागलं. मी दारातच उभी राहिले, लाइन येईपर्यंत.